कुलुपांतलें गाणें

जगांत कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्या दुसऱ्यास दिल्यानें देणाऱ्याजवळ तिळमात्र उण्या होत नाहींत. दिव्यानें दिवा लाविला म्हणून पहिल्याची ज्योत मंदावत नाहीं. गुरूनें शिष्यास श्लोक दिला म्हणून गुरु तो विसरत नाहीं. गाणें हें याच जातीचें धन आहे. शेजाऱ्याच्या ओसरीवर चाललेलें भजन कानीं पडलें आणि घरीं येऊन आम्हीं तें गुणगुणलें, तर शेजाऱ्याचें कांहीं गेलें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु याच गोष्टीला दुसरीहि बाजू आहे. ज्यानें वीस वर्षें तंबोऱ्यापाशीं बसून गळा तयार केला, त्यालाहि पोट आहे, घर आहे, मुलाबाळांचीं शिक्षणें आहेत. आणि त्याच्या गाण्याच्या हजार प्रती फुकट वाटल्या गेल्या, तर त्याच्या पदरांत काय पडणार, हा प्रश्न कांहीं खोटा नव्हे. दिल्यानें न उणावणारी वस्तु विकावयाची कशी, ह्या एका पेंचांतून गेल्या पाव शतकांत जें एक विलक्षण नाट्य घडून आलें, त्याची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रारंभींच सांगून टाकावें हें बरें कीं, आम्ही यंत्रशास्त्राचे जाणकार नाहीं. मॅट्रिकपुढें आमची इंग्रजी विद्या गेली नाहीं. पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि छत्तीस वर्षें तेंच मुलांस शिकविण्यांत घालविलीं. तथापि हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. घरांतील कपाटांत जो ठेवा असतो तो आपला कीं दुसऱ्याचा, आणि आपल्यामागें तो मुलांच्या हातीं जाईल कीं नाहीं, एवढा साधा गृहस्थाश्रमाचा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे. तो आमच्या कुटुंबांत उभा राहिला म्हणूनच आम्ही ह्या वाटेला गेलों. एरवीं गेलों नसतों.

गाणें राखून ठेवण्याची इच्छा नवी नाहीं. घराणेदार उस्ताद शिष्यास अस्ताई देत पण अंतरा देत नसत, अशा आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं गांवोगांव हिंडून, गवयांच्या मिनतवाऱ्या करून चिजा मिळविल्या आणि त्या स्वरलिपींत बांधून 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापिल्या, तेव्हां असलीं पुष्कळ कुलुपें एकदम उघडलीं. ध्वनिमुद्रणाच्या आरंभींची गोष्ट तर मौजेची आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिच्या गाण्याच्या तबकड्या घेण्यांत आल्या. त्या काळच्या तबकड्यांत गाणें संपतांना गायिका आपलें नांव मोठ्यानें उच्चारी. तबकड्या तयार होत त्या दूर जर्मनींत, हॅनोव्हर शहरीं. तेथील कारागिरांस गाणें कोणाचें तें कळावें, हा त्यांतील हेतु सांगतात. म्हणजे गाण्यावर मालकाची खूण होती, पण कुलूप नव्हतें. तें सुचण्याचें कारणहि नव्हतें, कारण घरीं बसून तबकडीवरून तबकडी करणें कोणासहि साध्य नव्हतें.

पुढें कॅसेट आली आणि प्रत काढणें हें घरगुती काम झालें. १९८० नंतरच्या दशकांत आमच्या पिढीनें नाट्यगीतें, अभंग, मैफली, सारें कांहीं कॅसेटीवरून कॅसेटीवर उतरविलें. परंतु प्रतीवरून प्रत काढीत गेलें म्हणजे खरखर वाढे, वरचे स्वर बोथट होत, आणि चौथ्या-पांचव्या प्रतींत गवई पडशानें बेजार झाल्यासारखा वाटे. ही झीज हेंच एक प्रकारें निसर्गानें घातलेलें कुलूप होतें.

तें कुलूप १९८२ सालीं गळून पडलें. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलेली सीडी त्या वर्षीं प्रथम जपानांत विक्रीस आली. तिच्यांत ध्वनि हा आंकड्यांच्या रूपानें लिहिलेला असतो. दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनिलहरीचें माप घेऊन तें अंकांत नोंदलेलें असतें. आतां आंकड्यांची नक्कल ही अस्सलाहून वेगळी नसते. मुलानें फळ्यावरचे पाढे वहींत उतरून घेतले म्हणजे वहींतले 'बे दुणे चार' हे फळ्यावरच्याहून कांहीं कमी ठरत नाहींत, तसेंच हें. शंभरावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ. सीडी निघाली तेव्हां तिला कुलूप ठेविलें नव्हतें, कारण ती वाचून तिची नक्कल करील असा संगणक त्या काळीं लोकांच्या घरीं नव्हता. पुढें तो घरोघर आला. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग प्रभृति संशोधकांनीं, मनुष्याच्या कानास जें उमगतच नाहीं तें गाळून गाण्याचे आंकडे सुमारें एकदशांशावर आणण्याची युक्ति साधली, तीच एमपी-३. आणि १९९९ सालीं शॉन फॅनिंग नांवाच्या एका तरुण अमेरिकन विद्यार्थ्यानें 'नॅप्स्टर' काढून लक्षावधि लोकांच्या संगणकांतील गाणीं एकमेकांस खुलीं करून दिलीं. ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनीं त्याच वर्षीं फिर्याद गुदरली व २००१ च्या जुलै महिन्यांत नॅप्स्टर बंद पडलें. पण धान्याचें पोतें फुटल्यावर तोंड शिवण्यापैकींच तो प्रकार झाला.

मग कंपन्यांनीं कुलुपें करावयास घेतलीं. त्या कुलुपांची कथा गंभीर असूनहि तींत विनोदाचा अंश फार आहे.

२००० च्या सप्टेंबरांत 'एसडीएमआय' या नांवानें एकत्र आलेल्या कंपन्यांनीं जाहीर आव्हान दिलें. गाण्यांत कानाला न कळणाऱ्या खुणा गुंफिल्या आहेत, त्या गाणें न बिघडवितां पुसून दाखवा आणि बक्षीस घ्या, असें तें आव्हान होतें. प्रिन्स्टन विद्यापीठांतील प्राध्यापक एडवर्ड फेल्टन व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं आठवड्यांतच त्या खुणा निष्प्रभ केल्याचें सांगितलें. परंतु बक्षिसाबरोबर मौनाची अट होती, म्हणून तें नाकारून त्यांनीं शास्त्रीय निबंध लिहिला. २००१ च्या एप्रिलांत तो एका परिषदेंत वाचावयाचा, तोंच कंपन्यांच्या संघाकडून कायद्याचा धाक दाखविणारें पत्र आलें आणि निबंध मागें घ्यावा लागला. पुढें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, व ऑगस्टांत तोच निबंध दुसऱ्या परिषदेंत वाचला गेला. 'माझें कुलूप उघडून दाखवा' म्हणून आमंत्रण देणारा यजमान, तें उघडल्यावर पाहुण्यावरच रागावला, असा हा प्रकार.

दुसरी गोष्ट २००२ ची. कांहीं सीडींच्या अगदीं बाहेरच्या कडेजवळ एक फसवी पट्टी लिहिण्याची युक्ति निघाली. साधें वादनयंत्र गाण्यापुरतें वाचून थांबे. संगणक मात्र आधीं त्या पट्टीकडे धांव घेई व तेथेंच घोटाळून राही. अशा युक्तीसाठीं किती बुद्धि व किती पैसा खर्च झाला असेल! त्या वर्षींच्या मे महिन्यांत वर्तमानपत्रांत वार्ता आली कीं, लिहावयाच्या साध्या काळ्या मार्करनें ती कड रंगविली म्हणजे संगणकास पट्टी दिसत नाहीं आणि गाणें बिनबोभाट उतरतें. शाळेंतल्या कोणत्याहि मुलाच्या दप्तरांत सांपडेल अशा वस्तूनें तो सगळा डोलारा खालीं आला.

तिसरी गोष्ट त्याहून सोपी. २००३ सालीं निघालेल्या कांहीं सीडींत असा कार्यक्रम ठेविलेला असे कीं, सीडी संगणकांत घालतांच तो आपोआप सुरू होऊन नक्कल करण्याच्या आड येई. प्रिन्स्टन येथीलच जॉन ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्यानें दाखवून दिलें कीं, सीडी घालतांना संगणकाची 'शिफ्ट' ही कळ दाबून धरिली तर तो कार्यक्रम उठतच नाहीं. कुलूप करणाऱ्या कंपनीनें आपली एक कोटी डॉलरांची हानि झाली म्हणून त्या विद्यार्थ्यावर दावा लावण्याची घोषणा केली. पण जगभर हसें होऊं लागल्यावर लगोलग ती मागें घेतली. एक कळ दाबणें हा अपराध ठरविण्याइतकें धैर्य शेवटीं कोणास झालें नाहीं.

चौथ्या गोष्टींत मात्र हसण्यासारखें कांहीं नाहीं. २००५ सालीं सोनी बीएमजी या कंपनीनें पन्नासांहून अधिक सीडींत 'एक्ससीपी' नांवाचें कुलूप घातलें. सीडी संगणकांत घातली कीं तें कुलूप संगणकाच्या अंतरंगांत शिरून दडून बसे, आणि एका ठराविक अक्षरचिन्हानें आरंभ होणारी कोणतीहि वस्तु मालकाच्या दृष्टीआड करी. म्हणजे दुसऱ्या कोणा दुष्टानें तेंच चिन्ह लावून आपला विषारी कार्यक्रम आंत सोडिला, तर तोहि आयताच अदृश्य होई. ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं मार्क रसिनोविच या तज्ज्ञानें ही लबाडी उघडकीस आणिली. कंपनीनें तें काढून टाकण्यासाठीं जें साधन दिलें, त्यानें संगणकाचें दार आणखी सताड उघडें पडे! अखेर नोव्हेंबरांत त्या सीडी परत घ्याव्या लागल्या, खटले झाले आणि नुकसानभरपाई द्यावी लागली. भरींत भर म्हणजे ह्या कुलुपाच्या घडणींतच, मुक्तपणें वापरावयास दिलेल्या दुसऱ्यांच्या लेखनाचा भाग अटी न पाळतां घातल्याचें संशोधकांस आढळलें. येथें भूमिका उलटल्या होत्या. पैसे देऊन गाणें घरीं आणणारा गृहस्थ संशयित ठरला, आणि त्याच्या घरांत रात्रीं शिरणारा स्वतःस पहारेकरी म्हणवीत होता.

इतकीं कुलुपें कां फसलीं? कारागीर अडाणी होते म्हणावें तर तसें नाहीं. ह्या धंद्याच्या पोटांतच एक विरोध आहे. तिजोरीच्या कुलुपाची किल्ली मालकाजवळ असते आणि चोर बाहेर असतो. गाण्याच्या कुलुपाची किल्ली मात्र ज्याच्यापासून गाणें राखावयाचें त्याच ग्राहकाच्या हातीं द्यावी लागते, नाहींतर त्याला तें ऐकूंच येणार नाहीं. गाणें कुलुपांत असेंपर्यंत मुकें. आणि एकदां वाजलें कीं तें हवेंत आलें, जेथें दुसरें यंत्र तें टिपावयास मोकळें. शिवाय सहस्र ग्राहकांपैकीं नऊशें नव्याण्णवांनीं कुलूप पाळलें आणि एकानें उघडलें, तरी त्या एकाची प्रत जगभर जाण्यास पुरते. त्यामुळें कुलुपाचा जाच सोसावा लागतो तो केवळ विकत घेणाऱ्यास. फुकट घेणाऱ्याच्या हातीं येतें तें कुलूप काढलेलेंच.

ही गोष्ट व्यापाऱ्यांच्याहि ध्यानीं हळूहळू आली. २००३ सालीं ॲपल कंपनीनें इंटरनेटवर गाण्यांचें दुकान काढिलें व नव्याण्णव सेंटांस एक गाणें विकूं लागली. त्यालाहि कुलूप होतें. पण आरंभीं तीन संगणकांवर वाजविण्याची आणि साध्या सीडीवर उतरून घेण्याची मुभा होती. त्याच वर्षीं नॉर्वेच्या जॉन लेक योहान्सन या तरुणानें, गाणें वाजण्यासाठीं कुलुपाबाहेर पडतें त्या क्षणीं तें टिपून घेणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. मग कंपनीनें कुलूप बदलावें, दुसऱ्यानें तें उघडावें, असें चाललें. ६ फेब्रुवारी २००७ रोजीं ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीं एक जाहीर पत्र लिहून हिशेब मांडिला. २००६ सालीं सर्व दुकानें मिळून दोन अब्जांहून कमी गाणीं कुलुपबंद विकलीं गेलीं, पण सीडींवरून वीस अब्जांहून अधिक गाणीं कंपन्यांनीं स्वतःच बिनकुलुपाचीं विकलीं; मग हा खटाटोप कशासाठीं? त्याच वर्षीं ईएमआय कंपनीनें कुलूप काढिलें, आणि २००९ च्या जानेवारींत ॲपलनें आपल्या दुकानांतील सर्व गाणीं मोकळीं करण्याचें जाहीर केलें.

येथें सुखान्त झाला असें वाटेल. परंतु कुलूप करणाऱ्यानें धंदा सोडला म्हणजे आधीं लाविलेलीं कुलुपें आपोआप उघडत नाहींत. ह्या गाण्यांची किल्ली दूर कोठें तरी दुकानदाराच्या संगणकांत ठेविलेली असे. ग्राहकानें नवा संगणक घेतला कीं तेथून किल्ली मागवावी लागे. २००८ सालीं मायक्रोसॉफ्ट व याहू या दोन्ही कंपन्यांनीं आपापल्या जुन्या दुकानांच्या किल्ल्या देणें थांबवीत असल्याचें कळविलें. ओरड झाली तेव्हां पहिलीनें मुदत वाढविली व दुसरीनें भरपाई देऊं केली. पण वाडा विकून गेलेल्या मालकाच्या दारांत किल्ली मागावयास उभें राहावें, अशी ग्राहकाची अवस्था झाली खरी.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. आमचे थोरले बंधु अण्णा हे १९७४ सालीं अभियंते म्हणून अमेरिकेस गेले व न्यू जर्सी प्रांतांत स्थायिक झाले. व्यवहारांत अत्यंत चोख. २००५ ते २००७ या काळांत त्यांनीं अशाच एका दुकानांतून दोनशेंच्या आसपास गाणीं विकत घेतलीं. कांहीं ख्याल, कांहीं अभंग, पुष्कळसें पाश्चात्य वाद्यसंगीत. दुकानाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. लोक फुकट उतरून घेत होते त्या काळीं अण्णांनीं प्रत्येक गाण्याचे पैसे मोजले आणि प्रत्येक पावती छापून फाइलींत लाविली. दुकान बंद होण्याची सूचना आली तेव्हां, सूचनेंतच सांगितल्याप्रमाणें, ते रोज संध्याकाळीं बसून एकेक गाणें साध्या सीडीवर उतरवूं लागले. सवाशें गाणीं झालीं असतील नसतील, तोंच तो संगणक बिघडला. उरलेलीं गाणीं दुसऱ्या तबकडींत सुरक्षित होतीं. पण नव्या संगणकानें किल्ली मागितली आणि ती देणारें कोणी उरलें नव्हतें.

अण्णा २०१९ सालीं गेले. २०२२ च्या दिवाळींत त्यांचा मुलगा पुण्यास आला, तो वडिलांचा हा सारा ठेवा घेऊन आला. पावत्यांची फाइल, सीडींची चळत, गाण्यांची तबकडी, आणि बुटांच्या एका खोक्यांत जुन्या कॅसेटी. एका रात्रीं तो म्हणाला, "काका, हीं कुलुपें उघडण्याचीं साधनें शोधलीं तर मिळतात. बाबांनीं पैसे दिलेले आहेत, ही फाइल साक्षीला आहे. उघडूं का? तुम्ही सांगाल तसें करूं."

आमच्या पांढऱ्या केसांस मान देऊन त्यानें विचारलें, म्हणून उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं चार दिवस मागून घेतले. शास्त्रदृष्ट्या पाहतां स्तेय म्हणजे परद्रव्याचें अपहरण. येथें द्रव्य परक्याचें नव्हतें. मूल्य दिलेलें होतें, आणि प्रत कोणास विकावयाची नव्हती. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं ६५-अ हें कलम घातलें गेलें. त्यांत असें कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. पण तो केव्हां, तर हक्कभंग करण्याच्या हेतूनें तें मोडिलें असेल तेव्हां. हेतु पाहणारा हा विवेक आम्हांस आपल्या न्यायबुद्धीस साजेसा वाटला. परंतु पुतण्या अमेरिकेचा रहिवासी. तेथील १९९८ च्या कायद्यानें, कांहीं नेमके अपवाद सोडल्यास, कुलूप ओलांडणें हेंच निषिद्ध मानिलें आहे. ते अपवाद दर तीन वर्षांनीं ठरतात. दुकान बंद पडून किल्ल्या नष्ट झालेल्या गाण्यांस असा अपवाद द्यावा, अशी मागणी तेथें झाली होती. ती २०१० सालीं नाकारली गेली. म्हणजे अण्णांची अडचण त्या सरकारपुढें मांडली गेली होती, आणि उत्तर नकाराचें आलें होतें.

आम्हीं पुतण्याला सांगितलें, "बाळ, आयुष्यभर जो माणूस पावती जपून ठेवीत आला, त्याच्या गाण्यासाठीं तूं आपल्या देशाचा नियम मोडूं नकोस. जीं आज मोकळीं मिळतात तीं पुन्हा विकत घे." त्यानें तसें केलें. एकोणसाठ गाणीं आतां बिनकुलुपाचीं विक्रीस होतीं. तीं दुसऱ्यांदा पैसे देऊन घेतलीं. गाणाऱ्यांस दोनदां दक्षिणा पोंचली, त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. एकवीस गाणीं मात्र कोणत्याहि दुकानांत सांपडलीं नाहींत. तीं तबकडींत आहेत. त्यांचीं नांवें पडद्यावर दिसतात, पावत्या वाचतां येतात, पण तीं वाजत नाहींत. जो गृहस्थ स्वतः विकत घेतलेलें गाणें स्वतः ऐकण्यासाठीं उघडील, त्याला आम्ही चोर म्हणणार नाहीं. पण प्रामाणिकालाच नियम पाळल्याचा दंड बसावा, असा नियम करणाऱ्यांनीं पुन्हा विचार करावा, इतकें म्हणण्याचा अधिकार त्या एकवीस मुक्या गाण्यांनीं आम्हांस दिला आहे.

त्याच बुटांच्या खोक्यांत एक कॅसेट होती. १९८४ सालीं अण्णा सुट्टीवर आले असतां त्यांनीं आमच्या मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्या तिच्यांत घेतल्या होत्या. खरखर आहे, मधेंच परसांतला कावळा ओरडतो, एके ठिकाणीं मातोश्री 'पुरे रे आतां' म्हणून थांबतात. आमच्याजवळची मूळ कॅसेट १९९० च्या सुमारास बुरशीनें खराब झाली होती. अण्णांनीं परत जातांना काढून नेलेली ही प्रत तेवढी शाबूत राहिली. तिच्यांतले स्वर पुतण्यानें एका संध्याकाळीं संगणकांत उतरविले आणि आज ते आमच्या कुटुंबांतील पांच घरीं वाजतात. त्या ओव्यांस कुलूप असतें, तर मातोश्रींचा आवाज मूळ कॅसेटीबरोबरच गेला असता.

हें पाहिल्यावर आमचें मन पाठशाळेंत शिकलेल्या एका गोष्टीकडे वळलें. वेदांचें पाठांतर शुद्ध राहावें म्हणून आपल्या पूर्वजांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीति बसविल्या. जटेंत पहिलें-दुसरें पद म्हणावयाचें, मग दुसरें-पहिलें, मग पुन्हा पहिलें-दुसरें. ह्या उलटसुलट गुंफणींत एक अक्षर जरी ढळलें तरी तत्काळ उमजतें. तोहि एक राखणीचाच बंदोबस्त होता, पण त्याचें साधन आवृत्ति होतें. जितके कंठ अधिक, तितकी राखण पक्की. त्या विद्येवर अधिकाराचीं वेगळीं कुलुपें होतीं आणि कित्येकांस तिच्यापासून अन्यायानें दूर ठेविलें गेलें, हें सत्य झांकण्यांत अर्थ नाहीं. तीं कुलुपें समर्थनीय नव्हतींच. तरी जें टिकलें तें पुनःपुन्हा म्हणण्यानें टिकलें. संगीतांतहि तेंच. गानमहर्षि अल्लादियाखां यांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. पण त्यांनीं शिष्यांस दिलें म्हणून त्यांची गायकी जगली. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांवरील सुवर्णमुद्रिकेंत घातली गेली. जी विद्या राखून राखून दिली जाई, तिचा एक स्वर आज सूर्याच्या परिवारापलीकडच्या वाटेवर आहे.

अलीकडे कुलुपाची तक्रार फारशी कानीं येत नाहीं, कारण गाणें विकत घेण्याची चालच मागें पडली. महिन्याचें भाडें भरावें आणि कोट्यवधि गाण्यांतून हवें तें ऐकावें. स्पॉटिफायसारखी संस्था २०१९ सालीं आपल्या देशांत आली. तिच्यासारख्या इतरहि आहेत. सोय मोठी, दर माफक, आणि चोरून घेण्याचा मोहहि त्यानें पुष्कळ ओसरला. कुलुपानें जें साधलें नाहीं तें सोयीनें व स्वस्ताईनें साधलें, हें कबूल करावयास हवें. परंतु कुलूप गेलेलें नाहीं. जवळ उतरून घेतलेलें गाणें त्या संस्थेच्याच खोलींत वाजतें. महिन्यांत एकदां तरी तिच्याशीं संधान बांधावें लागतें. भाडें थांबलें कीं गाणें थांबलें. पूर्वीं कुलूप टोचत असे, कारण वस्तु आपली आहे अशी आपली समजूत होती. आतां आपण उघडच भाडेकरू झालों आहों. भाड्यानें राहण्यांत कमीपणा नाहीं, आम्हींहि अर्धें आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढिलें. फक्त भाड्याचें घर मुलांच्या नांवें लावून देतां येत नाहीं, एवढें ध्यानांत असावें.

म्हणून वाचकांस, विशेषतः घरचें कपाट सांभाळणाऱ्या आमच्या वाचकभगिनींस, आमचें सांगणें इतकेंच आहे. गाणाऱ्याचें देणें बुडवूं नये. फुकट मिळतें म्हणून घेऊं नये. जें गाणें जन्मभर हवें असें वाटेल, तें बिनकुलुपाचें मिळत असेल तर तेंच विकत घ्यावें, आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. घरांतल्या वडील माणसांच्या ओव्या, आरत्या, पाळणे, गोष्टी आजच टिपून घ्याव्या, नांव व साल लिहावें, आणि लेकीसुनांच्या घरीं एकेक प्रत धाडावी. आमच्याकडे अण्णांच्या सवाशें गाण्यांच्या सीडी आतां चौदा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्याहि कांहीं चिरंजीव नव्हेत. पुढच्या सुट्टींत नातवंडें आलीं म्हणजे त्या नवीन तबकडींत उतरून घेण्याचें काम त्यांजकडे सोंपविणार आहों, आणि बसल्या बसल्या पावत्यांची फाइलहि त्यांस वाचावयास देणार आहों.